२०२४ मधले माझे आवडते व्हिडिओ गेम, आणि नवा लॅपटॉप घेण्याआधीचा एक प्रश्न

रात्रीचा_डाव

नमस्कार मंडळी. वर्ष सरताना आपण काय काय खेळलो आणि त्यातले मनात काय राहिले, याची नोंद मी दर डिसेंबरात एका वहीत करतो. २०२४ ची नोंद पुरी झाली तेव्हा लक्षात आले की पहिल्या दोन जागांवरचे दोन्ही गेम मुख्यतः एकेकट्या माणसाने घडवलेले आहेत. माझा लॅपटॉप सात वर्षांचा आहे, त्यात वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, आणि मला खेळायला मिळतो तो घरात निजानीज झाल्यावरचा तास-दीड तास. त्यामुळे एक प्रश्न बरेच दिवस मनात घोळतो आहे. पण तो विचारण्याआधी हे दोन गेम मला का आवडले ते जरा सविस्तर सांगतो, म्हणजे माझी आवड कोणत्या जातीची आहे हे तुमच्या ध्यानात येईल.

पहिला ‘बालाट्रो’. लोकलथंक या टोपणनावाने काम करणाऱ्या एका कॅनेडियन प्रोग्रामरचा हा पत्त्यांचा गेम फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. वरवर तो पोकर दिसतो, परंतु समोर दुसरा भिडू नसतो, बोली नसते आणि खरा पैसाही लावायचा नसतो. दर फेरीला गुणांचा एक आकडा ठरलेला असतो आणि चार डावांत तो गाठायचा असतो. गणपतीच्या जागरणाला ज्यांनी तीनपत्ती खेळली आहे, त्यांना पेअर, सिक्वेन्स आणि कलर म्हणजे काय ते समजावून सांगावे लागणार नाही. इथे पाच पत्ते लावायचे, एवढाच फरक. कलर लागला की ३५ चिप्स, म्हणजे मूळ गुण, आणि चारची पट मिळते. त्यात लावलेल्या पत्त्यांची किंमत मिळवायची: एक्क्याचे ११, चित्राच्या पत्त्याचे १०, बाकीच्यांचे त्यांच्यावर छापलेले आकडे. इस्पिकचा एक्का, राजा, नव्वी, अठ्ठी आणि दुर्री लावली की पत्त्यांचे ४० होतात, त्यात ३५ मिळवून ७५, आणि चारने गुणून नेमके ३००. पहिल्या फेरीचा आकडाही ३०० च आहे. इतका साधा हिशेब असलेला गेम पहिल्या रात्री मला पोरखेळ वाटला होता.

पण मग जोकर येऊ लागतात. एरवी आपण सोबत पाच जोकर बाळगू शकतो आणि प्रत्येकाचा नियम निराळा असतो. माझ्याकडे एक जोकर पटीत चार मिळवणारा होता आणि दुसरा, कलर लागला तर पट दुप्पट करणारा. मिळवणारा डावीकडे आणि दुप्पट करणारा उजवीकडे ठेवला, तर चार अधिक चार आठ, त्याची दुप्पट सोळा, आणि त्याच ७५ चे १,२०० होतात. जागा उलट झाल्या, तर चार दुणे आठ, अधिक चार बारा, म्हणजे ९००. पत्ते तेच, जोकर तेच, आणि तीनशे गुण केवळ डावे-उजवे चुकल्यामुळे हातचे जातात. हे मला तिसऱ्या रात्री कळले, तेही फेरी हरल्यावर कागदावर हिशेब मांडून पाहिला तेव्हा. त्या रात्री मी झोपायला फार उशीर केला. पुढे राजाचे पत्ते लावण्याऐवजी हातातच धरून ठेवले की पट वाढवणारा एक जोकर भेटला, आणि लहानपणापासून ‘मोठा पत्ता टाकायचा’ म्हणून शिकलेले सगळे उलटेपालटे झाले.

दुसरा ‘ॲनिमल वेल’, मे २०२४ मधला. बिली बासो या एकाच माणसाने सुमारे सात वर्षे खपून त्याची चित्रे, ध्वनी, कोडी, आणि ज्यावर तो चालतो ते इंजिनसुद्धा स्वतः तयार केले. पूर्ण गेम ४० एमबीपेक्षाही कमी जागेत मावतो. माझ्या फोनमधली लग्नाची एखादी ध्वनिचित्रफीत याहून मोठी आहे. एका फुलातून तुम्ही गोळ्याएवढा जीव होऊन बाहेर पडता, भोवती अंधारी, ओलसर विहीर असते आणि कुणी काही सांगत नाही. हाती येणाऱ्या वस्तू सगळ्या खेळण्याच्या आहेत: बुडबुड्यांची कांडी, यो-यो, फेकायची चकती, फटाके. शस्त्र म्हणावे असे एकही नाही. ही चकती मी आठवडाभर दूरची बटणे दाबायला वापरत होतो. एकदा चुकून फेकल्याबरोबर उडी मारली गेली आणि मी तिच्यावर उभा राहून दरीपलीकडे पोहोचलो. ती शक्यता पहिल्यापासून माझ्या हातात होती, हे जाणवल्यावर मी मागे सोडून आलेल्या सगळ्या खोल्या पुन्हा हिंडून आलो.

आता प्रश्न. हे असे गेम मला आवडतात ते माझ्या आवडीमुळे, की माझ्या लॅपटॉपवर दुसरे काही चालतच नाही म्हणून मी त्यांनाच आवडते म्हणू लागलो आहे? येत्या वर्षी नवा लॅपटॉप घ्यायचा विचार आहे. २०२४ च्या मोठ्या गेमांपैकी असा एखादा आहे का, की जो खेळता यावा एवढ्यासाठी हा खर्च करावा, आणि ज्याला रोजचा तास-दीड तास देऊन पस्तावा होणार नाही? सर्वांत गाजलेला कोणता ते मला ठाऊक आहे. तुम्हाला स्वतःला कोणता भावला आणि का, ते हवे आहे.

कैलासलेणे

धाग्याबद्दल आभार. माझे उत्तर ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ असे आहे आणि ते मी पूर्ण विचारान्ती देतो आहे, कारण तुमच्या वहीतल्या गेमांच्या अगदी दुसऱ्या टोकाचा हा गेम आहे. तुमची विहीर ४० एमबीत मावते. हा संगणकावर सुमारे १३० जीबी जागा मागतो. गेम सायन्स या चिनी स्टुडिओने तो २० ऑगस्ट २०२४ रोजी आणला आणि पहिल्या तीन दिवसांत त्याच्या एक कोटी प्रती विकल्या गेल्या. हा आकडा मी भारावून जाऊन सांगत नाही. इतका गाजावाजा झालेल्या गेममध्ये आत काही नसेल अशीच माझी अटकळ होती, आणि ती चुकली.

कथेचे मूळ सोळाव्या शतकातल्या ‘पश्चिमेची यात्रा’ या चिनी कादंबरीत आहे. त्यातला भिक्षू ज्याच्यावरून बेतला, तो युआन श्वांग आपल्याला शाळेच्या इतिहासात भेटलेला आहे. सातव्या शतकात तो दुसऱ्या पुलकेशीच्या काळी महाराष्ट्रात येऊन गेला. इथली माणसे उपकार विसरत नाहीत आणि अपमानाचा सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत, असे त्याने लिहून ठेवले, आणि त्याने वर्णन केलेला एक लेणी-विहार अजिंठ्याचा असावा असे अभ्यासक मानतात. तो खरा प्रवासी चीनमध्ये परतल्यावर लोककथांमध्ये शिरला, त्याच्या सोबतीला एक वानर आले, आणि त्या वानराचा हा गेम आहे. मी खेळायला बसलो तेव्हा हे डोक्यात नव्हते. दुसऱ्या प्रकरणात पिवळ्या वाळूच्या डोंगरात एक शिर नसलेला भिक्षू तंतुवाद्य घेऊन बसलेला भेटतो आणि गाऊ लागतो. उत्तर शेन्शी भागातल्या कथा सांगण्याच्या परंपरेचे ते गाणे आहे; आवाज खरखरीत, घसा ताणून काढलेला, आणि वाद्याचा ठेका त्याच्या पाठीमागे धावतो. मला एकही शब्द कळला नाही, पण गावच्या जत्रेत रात्री उशिरा ऐकलेला गोंधळ्यांचा आवाज आठवला. मी काठी खाली ठेवून गाणे संपेपर्यंत तसाच उभा राहिलो. शान्शी प्रांतातली प्राचीन मंदिरे आणि मूर्ती प्रत्यक्ष मोजून, स्कॅन करून गेममध्ये घेतलेल्या आहेत. ज्याने वेरूळला कैलासासमोर उभे राहून मान दुखेपर्यंत वर पाहिले आहे, त्याला त्या भिंती पाहताना काय वाटेल हे वेगळे सांगायला नको.

आता तुमच्या चकतीवरून मनात येणारा मुद्दा: एवढा मोठा गेम खेळाडूला काही शोधू देतो का? त्याच प्रकरणात एका मंदिराच्या आवारात रक्ताने भरलेला हौद आहे आणि त्यात वाघाच्या रूपातला एक सरदार उभा असतो. माझे सहा दिवस त्याने घेतले. तो मध्येच अंग दगडाचे करतो, तुमचा घाव त्यावर आदळून परततो आणि तेवढ्यात तो उलटा वार करतो. पहिले तीन दिवस मी केवळ अधिक वेगाने मारत होतो, आणि म्हणूनच मरत होतो. चौथ्या दिवशी मी मारणे जवळजवळ थांबवले आणि फक्त त्याचे खांदे पाहू लागलो: झेप घेण्याआधी ते कसे खाली जातात, दगड होण्याआधी तो क्षणभर कसा स्थिर होतो. सहाव्या दिवशी तो पडला, आणि अंगाचा दगड करण्याची तीच विद्या मला मिळाली. सहा दिवस जी चाल सोसली, ती हातात आल्याबरोबर नेमकी केव्हा वापरायची हे मला वेगळे शिकावेच लागले नाही. तुमच्या चकतीची आणि माझ्या वाघाची गोष्ट फारशी निराळी नाही, असे मला मनापासून वाटते.

दोषही सांगतो. मोकळी दिसणारी वाट पुढे जाऊ देत नाही आणि अदृश्य भिंतीवर डोके आपटते, हे वारंवार होते. सुरुवातीला नकाशाही नव्हता. तो डिसेंबरातल्या सुधारित आवृत्तीत आला. तुमच्या तास-दीड तासात काही रात्री अशा जातील की एकाच शत्रूपुढे हरून झोपावे लागेल. तेवढी तयारी असेल, तर लॅपटॉप घ्या आणि चांगले ग्राफिक्स कार्ड असलेलाच घ्या.

मधलीसुट्टी

माझे उत्तर थोडक्यात देतो, कारण ते लॅपटॉपवर चालणारे नाही. ‘ॲस्ट्रो बॉट’ हा प्लेस्टेशन ५ चा गेम सप्टेंबरात आला, आणि डिसेंबरात त्याला ‘द गेम अवॉर्ड्स’चा वर्षातील सर्वोत्तम गेमचा मान मिळाला. मी तो नऊ वर्षांच्या मुलीबरोबर एक-एक पातळी आळीपाळीने खेळलो. त्यातला छोटा यंत्रमानव वाळूवर चालतो तेव्हा कंट्रोलरमध्ये वाळूची बारीक कुरकुर हाताला लागते आणि धातूवर चालतो तेव्हा टकटक. एकदा मुलीने डोळे मिटून घेतले आणि ॲस्ट्रो कशावरून चालला आहे ते केवळ हातांनी ओळखायचा हट्ट धरला. चार वेळा तिने बरोबर ओळखले. पुढे एका पातळीत पाठीवर उंदीर येतो आणि बटण दाबले की ॲस्ट्रो मुठीएवढा होतो. मग जी कुंडी ओलांडून आलो होतो, तिच्या मागे आख्खी वाट आहे असे दिसते. ‘बाबा, हे आधीपासून इथेच होते?’ असे तिने विचारले. तुम्ही विहिरीत जे अनुभवले, ते तिने तिथे अनुभवले असावे.

तुम्ही केवळ या गेमसाठी यंत्र घ्यावे असे मी म्हणणार नाही. कुणा मित्राकडे असेल तर एक रविवार मागून घ्या.

धूळपाटी

मला तुमचा प्रश्न थोडा बाजूला सारावासा वाटतो. लहान-मोठ्याचा भेद करून तुमची आवड सापडणार नाही, कारण तुम्ही लिहिलेल्या दोन्ही अनुभवांत महत्त्वाचा क्षण एकच आहे: तुम्ही कागद घेऊन हिशेब मांडलात आणि तुम्हाला कळले; चुकून उडी मारलीत आणि तुम्हाला कळले. जो गेम हे कळणे आपल्यासाठी राखून ठेवतो, तो तुमचा. मी शाळेत गणित शिकवते आणि मुलांना उत्तर सांगून टाकण्याचा मोह रोज आवरते, म्हणून मला हे चटकन दिसले असेल.

या निकषावर २०२४ चा माझा आवडता गेम ‘लोरेलाय अँड द लेझर आइज’ आहे. स्वीडनच्या माल्मो शहरातल्या सिमोगो या छोट्या स्टुडिओने तो मे महिन्यात आणला. एका बाईला मध्य युरोपातल्या जुन्या हॉटेलात बोलावले जाते. साल १९६३ चे वाटते, पण तेवढ्यावर विसंबू नये. सगळे चित्र काळे-पांढरे, मधूनच लाल. जवळ कागद-पेन्सिल ठेवा असे गेमच सुचवतो, आणि ती सूचना मनावर घ्यायची असते. मी चौकटींची दोनशे पानी वही घेतली. शेवटी तिच्यात रोमन आकडे होते, चंद्राच्या कला होत्या, दारांवरच्या खुणा होत्या, आरशात पाहून उतरवलेले आकडे होते, आणि बऱ्याच पानांवर मी रागाने मारलेल्या काटा होत्या. एका कुलपाचा आकडा मी अकरा दिवस शोधत होते. तो मला वर्गात, फळ्यावर एक सनावळी लिहीत असताना सापडला. मधल्या सुट्टीत वही काढून ताडून पाहिले, आणि संध्याकाळी घरी जाऊन कुलूप उघडेपर्यंत मला चैन पडले नाही.

कैलासलेणे यांचा वाघाचा अनुभव मी पूर्ण मानते. तरीही एक फरक नोंदवते: तिथे शोध लागल्यावर तो हातांनी, ठरावीक वेगाने, बिनचूक अमलात आणावा लागतो. ज्यांचे हात तेवढे चपळ नाहीत, त्यांना समजूनही पुढे जाता येत नाही. लोरेलायमध्ये जे कळले ते कळले. हालचालीपलीकडे जवळजवळ एकाच बटणाने सगळा गेम खेळता येतो. मी तो बहिणीच्या स्विचवर, म्हणजे निन्टेंडोच्या हातात धरायच्या खेळयंत्रावर खेळले.

उंबरठा

धाग्यात ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन’चे नाव अजून कसे आले नाही, याचे नवल वाटते, कारण धागाकर्त्यांच्या अडचणीवर तोच उपाय आहे. हा जानेवारी २०२४ मधला गेम. वर्षाच्या सुरुवातीला येणारे गेम डिसेंबरातल्या यादीत विसरले जातात, आणि याच्या बाबतीत तो अन्याय मला फार खटकतो. उबिसॉफ्ट या गेम कंपनीच्या फ्रान्समधल्या माँपेलिए इथल्या संघाने तो केला. तो स्विचसारख्या कमी ताकदीच्या यंत्रावरही सेकंदाला ६० चित्रे इतक्या सफाईने चालतो, त्यामुळे त्यासाठी महागडे ग्राफिक्स कार्ड नको. साधारण ताकदीचा कोणताही नवा लॅपटॉप पुरेल.

सार्गॉन नावाचा तरुण योद्धा काफ पर्वतावर जातो, जिथे काळाची घडी विस्कटलेली आहे आणि सिमुर्ग हा देवपक्षी नाहीसा झाला आहे. संवाद फारसीत ऐकण्याची सोय आहे. ती जरूर वापरा. मराठीत शेकडो शब्द फारसीतून आलेले आहेत, त्यामुळे मधूनच एखादा ओळखीचा शब्द कानाला लागतो आणि आपण चमकून वर पाहतो.

पण मला या गेमची एकच सोय पोटतिडकीने सांगायची आहे. अशा भुलभुलैयाच्या गेमांत जिथे आता जाता येत नाही अशा जागा मागे सोडाव्या लागतात, आणि मला तर तीन दिवसांनी त्यांतली एकही आठवत नाही. नोकरी करून रात्री खेळणाऱ्यांना हे चांगले ठाऊक असेल. इथे एक बटण दाबले की समोरच्या दृश्याचे छायाचित्र निघते आणि नकाशावर त्या जागी टाचले जाते. उंच कड्यावरचा पेटारा, न उघडणारे दार, तळ नसलेली दरी: फोटो काढायचा आणि पुढे निघायचे. आठ दिवसांनी हवेत दुसरी उडी मारण्याची शक्ती मिळाली, तेव्हा मी नकाशा उघडला, फोटो पाहत गेलो आणि त्यांतले पाच एका रात्रीत मार्गी लावले. धूळपाटी यांची वही जे काम करते तेच हे काम, फक्त नकाशाच्या आत. कोडे गेम सोडवून देत नाही. आपल्याला ते कुठे भेटले होते एवढेच लक्षात ठेवतो.

ज्या संघाने हे केले, त्यातली माणसे त्याच वर्षी दुसऱ्या कामांकडे वळवली गेली, हे ऑक्टोबरात कंपनीने मान्य केले. ते वाचून मला फार वाईट वाटले. म्हणूनही हा गेम जास्तीत जास्त लोकांनी खेळावा अशी माझी इच्छा आहे. त्याचा मोफत डेमो आहे. तो आधी तुमच्या सध्याच्याच लॅपटॉपवर लावून पाहा.

रात्रीचा_डाव

सगळ्यांचे मनापासून आभार. धूळपाटी, तुमचे म्हणणे मी दोनदा वाचले. आवड माझीच आहे, लॅपटॉपने ती घडवलेली नाही, हे आता मला पटले आहे. त्यामुळे नवा लॅपटॉप घेण्याची घाई उरलेली नाही.

उंबरठा यांच्या सांगण्यावरून काल रात्री डेमो उतरवला. चित्रांची प्रत अगदी खाली आणली, खिडकी लहान केली, पंखा गिरणीसारखा घरघरत होता, पण गेम चालला. फारसी भाषा लावली आहे. एका कमानीपलीकडे चमकणारे काहीतरी दिसले आणि तिथे पोहोचता येईना, तेव्हा पहिला फोटो काढून नकाशावर टाचला.

कैलासलेणे, एक विचारायचे राहिले. वुकाँगसाठी भावाच्या संगणकावर जागा करून घेतो आहे, पण त्यात जुनी फिरती हार्ड डिस्क आहे. तिच्यावर नीट चालेल, की आधी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवून घ्यावी?

कैलासलेणे

चालेल असे कंपनी म्हणते, पण एसएसडीची शिफारसही तीच करते. बसवूनच घ्या. वाघापुढे हरल्यावर पुन्हा उभे राहायला जितका कमी वेळ लागेल, तितके तुमच्या दीड तासात जास्त प्रयत्न बसतील. आणि दुसऱ्या प्रकरणात पोहोचलात की आवाज मोठा ठेवा, भिक्षूचे गाणे अर्ध्यावर सोडून पुढे जाऊ नका.